अंधारासाठी इंजिन : ‘थीफ’च्या चाहत्यांनी केलेली निवड आणि तिची किंमत

प्रकरण कशाविषयी आहे

२००४ सालच्या उत्तरार्धात ‘थीफ’ या स्टेल्थ, म्हणजे लढण्याऐवजी लपूनछपून खेळायच्या, गेम-मालिकेच्या चाहत्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला. मालिकेचा पुढचा भाग कंपनीकडून येवो न येवो, आपणच त्या धर्तीचा खेळ उभा करायचा ठरवले तर तो कोणत्या इंजिनावर, म्हणजे खेळाचे दृश्य, आवाज आणि हालचाल चालवणाऱ्या कोणत्या सॉफ्टवेअरवर, उभा करायचा? या प्रश्नावर झालेला वाद, त्यातून निघालेला निर्णय आणि त्या निर्णयाने पुढची नऊ-दहा वर्षे कशी व्यापली, याचा हा अभ्यास आहे. यात भाग घेणारे जवळजवळ सगळे हौशी होते आणि वेगवेगळ्या देशांत राहून फावल्या वेळात काम करीत होते. त्यांची नावे व टोपणनावे येथे दिलेली नाहीत. ज्याची जी भूमिका होती ती तेवढी सांगितली आहे. खेळ, कंपन्या आणि इंजिने मात्र खऱ्या नावांनीच येतात, कारण त्यांच्याशिवाय निर्णयामागची कारणे कळणार नाहीत.

पार्श्वभूमी

‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथील लुकिंग ग्लास स्टुडिओजने १९९८ च्या अखेरीस काढला. नायकाच्या डोळ्यांतून दिसणारे त्या काळातले बहुतेक गेम बंदुकीचे होते. ‘थीफ’मध्ये खेळाडू गॅरेट नावाचा चोर असतो, आणि दोन पहारेकऱ्यांशी समोरासमोर तलवार चालवायची वेळ आली तर तो सहसा जिवंत सुटत नाही. म्हणून सगळा खेळ उजेड आणि आवाज यांवर चालतो. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. खेळाडू उजेडात आला की ते उजळते, अंधारात गेला की काळवंडते. लोखंडी जाळीवरून चालले तर पाऊल खणखणते, गालिच्यावर किंवा गवतावर ते जवळजवळ ऐकू येत नाही. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, शेवाळाचा बाण मारून कठीण जमीन मऊ करता येते, दोरीचा बाण लाकडी तुळईत रुतवून वर चढता येते.

हे सारे ज्यावर चालत होते ते ‘डार्क’ इंजिन स्टुडिओने स्वतः लिहिलेले होते. त्यातली आवाजाची व्यवस्था आजही अभ्यासण्यासारखी आहे. लेव्हल, म्हणजे खेळाडू वावरतो ती जागा, बनवणारा प्रत्येक खोलीची हद्द आखून देतो, आणि आवाज भिंतीतून आरपार न जाता खोलीतून खोलीत, दारांच्या वाटेने प्रवास करतो. त्यामुळे बंद दारापलीकडचा पहारेकरी दबलेला ऐकू येतो, आणि खेळाडूचे पाऊलही त्या पहारेकऱ्याला तसेच दबून पोहोचते. अनुभवी खेळाडू कोपऱ्यात उभा राहून, काहीही न पाहता, पहारेकरी जिन्यावर आहे की ओसरीवर हे नुसत्या कानांनी ओळखतो.

दुसरा भाग मार्च २००० मध्ये आला आणि २४ मे २००० रोजी स्टुडिओ बंद पडला. मागे उरला तो ‘ड्रोमएड’ नावाचा लेव्हल-एडिटर. तो हट्टी आणि किचकट होता, पण चाहत्यांनी त्याच्याशी झुंजत शेकडो मिशन बनवली. एका गटाने तर तेरा मिशनची स्वतंत्र कथा हाती घेतली आणि २००५ मध्ये पूर्ण केली. म्हणजे ज्या मंडळींमध्ये हा वाद झाला ती नुसती मते मांडणारी नव्हती, लेव्हल बांधण्याचा हात बसलेली होती. पुढचे बरेच काही या एका गोष्टीवर अवलंबून राहिले.

मालिकेचे हक्क आयडॉस कंपनीकडे होते. तिने तिसरा भाग ऑस्टिन येथील आयन स्टॉर्मकडे सोपवला आणि मे २००४ मध्ये ‘थीफ : डेडली शॅडोज’ बाजारात आला. त्याचे इंजिन ‘अनरियल’वर आधारलेले, पण प्रकाशाची बाजू बरीचशी नव्याने लिहिलेले होते. गेम पीसी आणि एक्सबॉक्स या दोन्हींसाठी असल्यामुळे एक्सबॉक्सच्या ६४ एमबी मेमरीत मावेल इतकेच जग एका वेळी उभे करता येत होते. परिणामी प्रत्येक मिशनचे तुकडे पडले आणि तुकड्यांच्या सीमेवर निळसर धुके आले. दोरीचा बाण गेला, त्याजागी भिंत चढायचे हातमोजे आले, पोहणेही गेले. मात्र याच गेममध्ये पहारेकरी मशालीपुढून गेला की त्याची लांब सावली भिंतीवरून सरकत जाई, आणि चाहत्यांनी ते त्या मालिकेत पहिल्यांदाच पाहिले. जुने जे गेले त्याची हळहळ आणि नवे जे शक्य दिसले त्याची ओढ, दोन्ही एकाच गेममधून आल्या.

अडचण

वरवर पाहता अडचण साधी होती. ‘डेडली शॅडोज’सोबत लेव्हल-एडिटर आला नव्हता आणि पुढे येईल की नाही हे अनिश्चित होते. एडिटर नाही तर चाहत्यांची मिशन नाहीत, आणि मिशन नाहीत तर मालिका ड्रोमएडच्या जुन्या चौकटीतच संपणार, ही भीती खरी होती.

खरी गुंतागुंत वादाच्या पद्धतीत होती. ‘सर्वांत चांगले इंजिन कोणते’ असे सगळे विचारत होते, पण प्रत्येकाचे माप निराळे होते. निव्वळ खेळणाऱ्यांना दृश्य कसे दिसेल याची चिंता होती. लेव्हल बनवणाऱ्यांना एडिटर हाताला बसेल का, एक वाडा किती दिवसांत उभा राहील, हे हवे होते. प्रोग्रामर मंडळी कोड, म्हणजे इंजिन ज्यात लिहिलेले आहे तो प्रोग्रामचा मजकूर, किती उघडा आहे ते पाहत होती. यांपैकी कुणीच चूक नव्हते, पण तीन मापांनी एकच वस्तू मोजली जात असल्यामुळे वाद पुढे सरकत नव्हता.

माझ्या मते या वादाची खरी कसोटी वेगळीच होती. इतर बहुतेक गेममध्ये उजेड ही सजावट असते. स्टेल्थ गेममध्ये तो नियम असतो. खेळाडूच्या डोळ्यांना जी जागा अंधारी दिसते, रत्न जिला अंधारी म्हणते आणि पहारेकरी जिला अंधारी मानतो, ती एकच जागा असली पाहिजे. खांबाच्या सावलीत उभ्या असलेल्या खेळाडूला पहारेकऱ्याने कारण नसताना पाहिले, असे दोन-तीनदा घडले की खेळाडूचा खेळावरचा विश्वास उडतो आणि त्यानंतर ग्राफिक्स कितीही सुरेख असले तरी तो परत येत नाही. म्हणून इंजिनाला विचारायचा पहिला प्रश्न असा होता : दिसणारा उजेड आणि नियमातला उजेड तुझ्यात एकच आहे का?

त्यातच हक्कांची बाब होती. गॅरेट, त्याचे शहर, त्यातले पंथ ही सगळी आयडॉसची मालमत्ता होती. फुकट वाटायचे असले तरी त्या नावांनी पुढचा भाग काढणे म्हणजे वर्षानुवर्षांचे श्रम वकिलाच्या एका पत्रावर टांगून ठेवणे होते. नावे वजा केली तर ‘थीफ’मधले काय शिल्लक राहते, याचा विचार त्यामुळे सुरुवातीलाच करावा लागला. उरले ते नियम : उजेड, आवाज, हळूहळू वाढणारा संशय आणि घरात शिरायच्या अनेक वाटा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ‘डार्क’ इंजिनावरच राहण्याचा होता. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणत की आवाज, पहारेकऱ्यांचा संशय, बाण, दोऱ्या, सगळे तयार आहे आणि एडिटर हातात मुरलेला आहे. मग नव्याने मांडामांड कशासाठी? हा युक्तिवाद मजबूत होता. पण त्या वेळी इंजिनाचा सोर्स कोड कुणाकडे नव्हता. एका दृश्यात किती पृष्ठभाग दिसू शकतात यावर कडक मर्यादा होती, दाखवता येणाऱ्या रंगांची संख्या जुन्या काळाइतकी मर्यादित होती आणि नव्या संगणकांवर गेम नीट चालवणे दरवर्षी अवघड होत चालले होते. दुरुस्ती करणारा कुणी उरला नव्हता.

दुसरा पर्याय ‘अनरियल’चा. मार्च २००४ मध्ये आलेल्या ‘अनरियल टूर्नामेंट २००४’सोबत चांगला एडिटर आणि खेळाचे नियम लिहिलेला स्क्रिप्ट-कोड खुला मिळत होता, आणि त्यावर काम केलेले लोकही पुष्कळ होते. तिसरा ‘सोर्स’ इंजिनाचा. त्यावरचा ‘हाफ-लाइफ २’ हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला, म्हणजे वाद सुरू झाला तेव्हा तो अजून हातात नव्हता. पण त्याच्या प्रात्यक्षिकांनी सगळे भारावले होते. वस्तू ढकलणे, रचणे, फेकणे यांत त्याच्या तोडीचे दुसरे काही नव्हते.

या दोन्ही इंजिनांची अडचण एकच होती आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. त्यांच्यात भिंती-जमिनींवरचा उजेड लेव्हल बांधतानाच मोजून लाइटमॅप नावाच्या चित्रांत साठवला जातो. याने उजेड फार मऊ आणि खरा दिसतो, कारण हिशेबाला हवा तेवढा वेळ देता येतो. पण मग मशाल विझवायची कशी? प्रत्येक विझणाऱ्या दिव्याचा थर वेगळा साठवावा लागतो, आणि ‘सोर्स’मध्ये एका पृष्ठभागावर असे जास्तीत जास्त चारच थर बसतात. लांबलचक दिवाणखान्याच्या जमिनीवर सहा मशालींचा उजेड पडत असेल तर तिथेच गाडी अडते. शिवाय दार उघडले की आत पडणारा उजेडाचा पट्टा, पहारेकऱ्याची सरकणारी सावली, हातातला कंदील, हे साठवलेल्या चित्रात येऊच शकत नाही. भिंतींचा उजेड एका पद्धतीने आणि हलणाऱ्या माणसांचा दुसऱ्याच पद्धतीने मोजला जातो. ज्या खेळात सावली हेच लपायचे ठिकाण आहे तिथे ही दोन मापे एकमेकांशी भांडणार, हे उघड होते.

चौथा पर्याय ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या ‘डूम ३’चा. त्याच्या इंजिनात, म्हणजे ‘आयडी टेक ४’मध्ये, आधी मोजून ठेवलेला उजेड जवळजवळ नाहीच. भिंत असो, दार असो की माणूस, प्रत्येक गोष्टीवरचा प्रत्येक दिव्याचा उजेड आणि सावली त्या-त्या क्षणी एकाच पद्धतीने काढली जाते. दिवा विझवला की तो खरोखर विझतो. दार हलले की सावली हलते. विरोधी मुद्देही वजनदार होते. सावल्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या तीक्ष्ण होत्या. इंजिन अरुंद बोळांसाठी घडवलेले होते, आणि ‘थीफ’ला तर छपरांवरून दिसणारे अख्खे शहर लागते. त्या काळातल्या सामान्य ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नव्हते. आणि जो कुणी हा मॉड, म्हणजे मूळ गेमवर बसवलेला हा बदल, खेळेल त्याला आधी ‘डूम ३’ विकत घ्यावा लागणार होता.

स्वतःचे इंजिन लिहावे असेही सुचवले गेले. हौशी गटात या वाटेने गेलेली बहुतेक कामे इंजिन पूर्ण होण्याआधीच थांबतात, त्यामुळे या पर्यायावर फार वेळ घालवण्याचे कारण नव्हते.

निर्णय

निवड ‘डूम ३’ची झाली आणि प्रकल्पाला ‘द डार्क मॉड’ हे नाव मिळाले. या निवडीला तीन आधार होते. पहिला, वर सांगितलेला एकसारखा उजेड. दुसरा असा की ‘डूम ३’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने इंजिनाचा गाभा बंद ठेवला तरी खेळाचा सी++ कोड मॉड बनवणाऱ्यांना खुला केला. म्हणजे शत्रू कसा विचार करतो, खेळाडू कसा चालतो, वस्तू कशा वागतात हे मुळापासून बदलता येणार होते. तिसरा आधार इतिहासाचा. याच कंपनीने ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ मध्ये, ‘क्वेक’चा १९९९ मध्ये आणि ‘क्वेक २’चा २००१ मध्ये खुला केला होता. ‘डूम ३’चाही कोड काही वर्षांनी खुला होईल, ही अपेक्षा नुसत्या आशेवर नव्हती, कंपनीच्या वागण्यात तिला आधार होता.

याच सुमारास दुसरा निर्णय झाला आणि माझ्या मते तो इंजिनाच्या निवडीपेक्षाही दूरगामी ठरला. एक कथा सांगणारा पुढचा भाग बनवायचा नाही. कुणालाही मिशन बनवता येतील असा साधनसंच बनवायचा. पहारेकरी, दारे, कुलपे, बाण, वाड्यांच्या भिंती, फर्निचर, आवाज हे सारे संचात, आणि कथा ज्याची त्याची. यामागे ड्रोमएडचा अनुभव होता. ‘थीफ’ला मूळ कंपनीमागे जिवंत ठेवले ते चाहत्यांच्या मिशनांनी, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. याची किंमत अशी की कथा हे लोकांना खेचणारे सर्वांत मोठे आकर्षण सुरुवातीलाच बाजूला ठेवले गेले. दाखवायला काही नाही आणि काम मात्र डोंगराएवढे, अशा स्थितीत गट वर्षानुवर्षे टिकवायचा होता.

दुसरे वळण : एडिटर आला तेव्हा

२००५ च्या आरंभी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. आयन स्टॉर्म बंद पडला, आणि ज्याच्या अभावामुळे हा प्रकल्प सुरू झाला होता तो ‘डेडली शॅडोज’चा एडिटर चाहत्यांना मिळाला.

प्रकल्प थांबवायचा असता तर ही योग्य वेळ होती. हातात जेमतेम सुरुवातीचे काम होते, आणि समोर एक पूर्ण खेळ, त्याच्या पहारेकऱ्यांसह, आवाजांसह, अधिकृत एडिटरसह तयार होता. सावल्याही त्यात हलत्या होत्या. थांबू नये याच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण तो भक्कम होता : एडिटर मिळाला असला तरी कोड मिळाला नव्हता. दोरीचा बाण परत आणता येणार नव्हता, पोहणे आणता येणार नव्हते, तुकड्यांची सक्ती मुळातून काढता येणार नव्हती, आणि ज्यांच्याकडे तक्रार करायची ते कार्यालयच उरले नव्हते. पुढे चाहत्यांनी बऱ्याच कष्टांनी त्या गेमच्या कित्येक मर्यादा सैल केल्या; तरीही त्या एडिटरमध्ये बनलेली मिशन ड्रोमएडच्या तुलनेत फारच थोडी राहिली.

प्रकल्प चालू राहिला. हा निर्णय पहिल्यापेक्षा अवघड होता असे मला वाटते. पहिल्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता. या वेळी सोपा मार्ग समोर असताना तो नाकारायचा होता.

प्रत्यक्ष काम

इंजिनाने उजेडाचा प्रश्न सोडवला असे वाटले होते, पण तो अर्धाच सुटला. पडद्यावरचा उजेड ग्राफिक्स कार्डात तयार होतो. खेळाच्या नियमांना तो कळायचा कसा? मॉडच्या प्रोग्रामरांनी काढलेली तोड अशी : खेळाडूच्या जागी खेळात न दिसणारी एक छोटी वस्तू ठेवायची, तिचे अगदी लहान चित्र वरून आणि खालून असे पडद्याबाहेर रेखाटायचे, आणि त्या चित्रातल्या ठिपक्यांची उजळता मोजून ती रत्नाला द्यायची. हा उपाय महाग होता, कारण प्रत्येक मोजणीला दृश्याचा काही भाग पुन्हा रेखाटावा लागे. पण त्याने कसोटी पूर्ण झाली. जो उजेड डोळ्यांना दिसतो त्याचेच माप पहारेकऱ्याला मिळू लागले, खांबाच्या सावलीपासून उघडलेल्या दाराच्या पट्ट्यापर्यंत.

दुसरी अडचण ‘डूम ३’च्या गडद काळोखाची होती. जिथे दिवा पोहोचत नाही तिथे त्या इंजिनात पूर्ण काळे होते. भयपटासारख्या खेळाला ते शोभते, पण चोराला सावलीच्या आत पाहता आले पाहिजे. तिथे पायरी आहे की खड्डा, हे कळले पाहिजे. त्यासाठी सगळ्या लेव्हलला व्यापणारा, सावली न पाडणारा एक मंद दिवा लेव्हलमध्ये ठेवायची पद्धत पडली. त्याचा रंग आणि तीव्रता किती ठेवायची हे लेव्हल बनवणाऱ्याचे कसब ठरले. जास्त ठेवला तर लपायला जागा उरत नाही, कमी ठेवला तर खेळाडू भिंतींना धडकत राहतो.

लेव्हल बनवणाऱ्यांना या इंजिनाची एक शिस्त नव्याने शिकावी लागली. एका जमिनीवर जितक्या दिव्यांचा उजेड पडतो तितक्या वेळा ती जमीन रेखाटली जाते. दरबारात दहा मशाली ओळीने लावल्या आणि प्रत्येकीची हद्द सगळ्या दालनभर पसरली, की खेळ रखडतो. म्हणून दिव्यांच्या हद्दी आखडत्या घेणे, जमिनीचे तुकडे पाडणे, काही दिव्यांच्या सावल्या बंद ठेवणे, हे मिशन बनवण्याच्या कामाचाच भाग झाले. ड्रोमएडमध्ये हात बसलेल्यांना याचा जाच झाला असणार, यात शंका नाही.

पहारेकरी तर जवळजवळ कोऱ्या पाटीपासून घडवावे लागले. ‘डूम ३’चा राक्षस खेळाडूला पाहतो आणि हल्ला करतो, मधल्या पायऱ्या त्याला ठाऊक नाहीत. ‘थीफ’चा पहारेकरी आधी निवांत असतो, मग थबकतो, मग पुटपुटतो, मग शोधू लागतो, आणि अगदी शेवटी तलवार उपसतो, काही सापडले नाही की हळूहळू पुन्हा निवळतो. हा चढ-उतार, विझलेली मशाल किंवा उघडे राहिलेले दार लक्षात येणे, पडलेल्या सोबत्याला ओळखणे, सगळे नव्याने लिहिले गेले. पहारेकऱ्यांच्या कानांसाठी आवाजाचा प्रवासही स्वतंत्र लिहावा लागला. त्यासाठी इंजिनात आधीच असलेल्या एका गोष्टीचा उपयोग झाला. पलीकडची खोली दिसत नसेल तर ती रेखाटू नये म्हणून लेव्हल बनवणारा दारात एक अदृश्य पडदा बसवतो. त्याच पडद्यांतून आवाजाची वाट आखली गेली आणि दार बंद असले की आवाज किती घटतो हेही तिथेच ठरवता आले. ‘डार्क’ इंजिनातली जुनी युक्ती अशा रीतीने दुसऱ्या इंजिनात पुन्हा उभी राहिली.

‘डूम ३’चा स्वतःचा एडिटर गेमच्या पोटात बसवलेला आणि फक्त विंडोजवर चालणारा होता. म्हणून गटाने खुल्या कोडच्या ‘जीटीके-रेडियंट’पासून ‘डार्क-रेडियंट’ हा स्वतंत्र एडिटर घडवला. मूळ योजनेत नसलेले हे काम शेवटी प्रकल्पाच्या मोठ्या आधारांपैकी एक ठरले.

फलित

‘द डार्क मॉड’ची १.० आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये आली, म्हणजे सुरुवातीपासून सुमारे पाच वर्षांनी. नोव्हेंबर २०११ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम ३’चा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला केला आणि २००४ मधली अपेक्षा खरी ठरली. त्यानंतर ‘डूम ३’ची पृष्ठभागांवरची उरलीसुरली चित्रे, आवाज आणि इतर सामग्री बदलून ऑक्टोबर २०१३ मध्ये २.० आवृत्ती स्वतंत्र खेळ म्हणून निघाली. दुसरा कोणताही गेम विकत घेण्याची अट गेली. २०१८ च्या २.०६ आवृत्तीत सावल्यांच्या कडा मऊ झाल्या. आजवर या संचावर दीडशेहून अधिक मिशन बनली आहेत.

नाकारलेल्या वाटांचे काय झाले हेही पाहिले पाहिजे, नाहीतर निवडीचे मोल ठरवता येणार नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘डार्क’ इंजिनासाठी एक अनधिकृत दुरुस्ती अचानक उपलब्ध झाली. तिने जुन्या मर्यादा उंचावल्या आणि नव्या संगणकांवर गेम सुरळीत चालू लागले. पहिल्या भागाला २५ वर्षे होत असताना, २०२३ मध्ये, त्याच इंजिनावर दहा मिशनची एक मोठी चाहतेनिर्मित मालिका आली आणि तिचे उत्साहाने स्वागत झाले. ‘जुन्या इंजिनावरच राहा’ म्हणणारे चुकीचे नव्हते. त्यांच्या पर्यायाला लागणारी किल्ली २००४ मध्ये कुणाकडे नव्हती, एवढेच.

२०१४ मध्ये आयडॉस मॉन्ट्रियलने मालिकेचा नवा अधिकृत भाग ‘अनरियल इंजिन ३’वर काढला. त्यात दोरीचा बाण परत आला, पण तो ठरवून दिलेल्या ठिकाणीच रुततो. हवी तिथे उडीही मारता येत नाही. ‘डेडली शॅडोज’च्या वेळी चाहत्यांनी बऱ्याच उणिवा इंजिनाच्या माथी मारल्या होत्या. हा भाग पाहता खेळाडूला किती मोकळीक द्यायची हा निर्णय रचनाकाराचा असतो, आणि कुठलेही इंजिन तो त्याच्या वतीने घेत नाही, असेच मला म्हणावे लागते.

वेगळे काय करता आले असते

निवड योग्य होती, पण ज्या रीतीने ती झाली तीत सुधारणेला जागा होती. अशा गटाने शब्दांतला वाद लवकर थांबवून प्रत्येक इंजिनात एकच चाचणीची खोली बांधावी, असे मी सुचवीन. एक बोळ, दोन मशाली, एक दार, एक खांब आणि ये-जा करणारा एक पहारेकरी. मशाल विझते का, दार हलले की सावली हलते का, खांबाआडच्या माणसावरचा उजेड कोडला वाचता येतो का, दारामागचा आवाज दबतो का, एवढे पाहायचे. असा प्रयोग केला असता तर उजेड मोजण्याचा खर्च आणि मिट्ट काळोख हे ‘डूम ३’चे दोन दोष पहिल्या काही आठवड्यांत हाती आले असते, आणि पुढच्या कामाचा अंदाज अधिक वास्तव झाला असता. ‘सोर्स’ किंवा ‘अनरियल’च्या बाजूचे लोकही नाराज होऊन दूर न जाता, स्वतः पाहून पटल्यामुळे सोबत राहण्याची शक्यता वाढली असती.

कामाच्या क्रमाबाबतही माझे मत वेगळे आहे. पाच वर्षांत साधनसंच सर्वांगाने भरत गेला. त्याऐवजी उजेड, आवाज, एकाच प्रकारचा पहारेकरी आणि मोजके फर्निचर एवढ्यावर छोटा संच आधी सर्वांना खुला केला असता, तर ड्रोमएडवर हात बसलेले लेव्हल-रचनाकार लवकर आत आले असते. कोणती साधने खरोखर लागतात हे त्यांच्या मिशनांनीच दाखवले असते. अपुरा संच बाहेर गेला तर पहिली छाप वाईट पडते, ही याविरुद्धची भीती खोटी नाही. पण येथे प्रेक्षक अनोळखी नव्हता. तो स्वतः बांधणारा होता आणि अपुऱ्या साधनांची त्याला सवय होती.

‘डूम ३’ विकत घेण्याच्या अटीकडे २००४ मध्ये किरकोळ बाब म्हणून पाहिले गेले असावे, कारण तेव्हा तो गेम ताजा होता आणि उत्साही लोकांकडे होताच. २००९ मध्ये, पाच वर्षे जुना गेम केवळ मॉड चालवण्यासाठी मिळवायचा, ही पुष्कळांना आडकाठी वाटली. प्रकल्प दीर्घ आहे हे गृहीत धरले असते तर मूळ गेमच्या सामग्रीवर कमीत कमी विसंबायचे, असा दंडक पहिल्या दिवसापासून घालता आला असता. मग कोड खुला झाल्यानंतर स्वतंत्र आवृत्तीसाठी जवळजवळ दोन वर्षे लागली नसती.

परवान्याचे तर आणखी लवकर ठरायला हवे होते. कोड जीपीएलखाली आहे, पण चित्रे, मॉडेल आणि आवाज यांना व्यापारी वापरास मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे. कलाकारांचे श्रम कुणी विकू नयेत, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र व्यापारी वापरावर बंदी असलेली सामग्री डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या मुक्त भांडारात बसत नाही. सामग्री पुरवणारे अनेक, वेगवेगळ्या देशांत विखुरलेले आणि काही केव्हाच गट सोडून गेलेले असताना परवाना नंतर बदलायचा, तर त्या प्रत्येकाची संमती मिळवावी लागते. म्हणून चित्र असो, दाराची करकर असो की खुर्चीचे मॉडेल, ते स्वीकारतानाच देणाऱ्याकडून परवाना लिहून घेणे आणि त्याची नोंद त्या फाइलसोबतच ठेवणे, हे इंजिन ठरवण्याच्या आठवड्यातच सुरू व्हायला हवे.